गंजीभोवती फिरणारं मुंगूस

इंदूबाईसोबत मी पंचवीस हंगाम काम केलं. मी थ्रेशरच्या तोंडाशी, ती गंजीवर. थ्रेशरला आमच्याकडे हडंबा म्हणतात. त्याच्या तोंडात सोयाबीन ढकलणारा एक, उपसून आणणाऱ्या तीन-चार बाया आणि एक ट्रॅक्टरवाला. एवढ्या माणसांत दर्यापूरकडच्या आमच्या गावातली शेतं महिनाभरात निघतात.

गंजी उपसणं पाहणाऱ्याला सोपं वाटतं. कापलेलं सोयाबीन शेतातच एका जागी रचून ताडपत्रीखाली ठेवतात, ती गंजी. उपसणारी बाई वाकते, दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालते, कवेत मावेल तेवढं उचलते, छातीशी धरते, दहा-बारा पावलं चालते आणि मशीनपाशी टाकते. दिवसाला आठशे-नऊशे वेळा. एका दिवशी मी मोजलं होतं. आठशे चाळीस. त्यातल्या एकाही वेळी हात कुठे चालला ते तिला दिसत नाही. आत काय होतं ते छातीशी आल्यावर कळतं.

आणि गंजीत परड असते. परड म्हणजे घोणस. आखूड, जाड, अंगावर साखळीच्या कड्यांसारखे तपकिरी डाग. सोयाबीन सांडलं की उंदीर येतात, उंदरांमागे ती येते. ताडपत्रीखाली ऊब असते, मग ती जात नाही. तिचा एक गुण असा की ती सांगते. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा आवाज काढते, मोठा, न थांबणारा. पण हडंबा सुरू असला की शेजारचं माणूस ओरडलेलं ऐकू येत नाही, तिथं परडीचं कोण ऐकणार? मी कामाला लागलो त्याच वर्षी पंचफुला नावाची बाई अशीच गेली. इंदूबाई तिच्या बाजूलाच उपसत होती. तेव्हा इंदूबाई सव्वीस वर्षांची.

पंचफुला गेल्यावर गावात लोक एकच बोलत होते. त्या गंजीभोवती तर रोज मुंगूस फिरत होतं, मग साप राहिला कसा? मुंगूस दिसलं की आमच्याकडे माणूस खूश होतो. गंजीपाशी दिसलं तर जास्तच. काही शेतकरी मुंगसानं तिथंच राहावं म्हणून गंजीच्या पायथ्याशी अंडं ठेवतात. मुंगूस आहे म्हणजे साप नाही, असा हिशेब. पंचफुलाच्या वेळी हिशेब चुकला. लोक चार दिवस बोलले आणि विसरले. पुढच्या वर्षी पुन्हा अंडी ठेवू लागले.

इंदूबाई विसरली नाही. ती मुंगूस पाहायला लागली.

पाहणं हे काम आहे, असं कोणी मानत नाही. मी मानतो. तिच्या अर्ध्या एकरात वांगी, मेथी, सांबार असायचा. सांबार म्हणजे कोथिंबीर. तिथं निंदता निंदता ती मान वळवायची आणि बांधाकडे पाहत राहायची. असं एक-दोन दिवस नाही, वीस-पंचवीस वर्षं. एकदा मी विचारलं, "काय पाहून राहिली वो एवढं?" ती म्हणाली, "सुगतभाऊ, थे कामावर हाय. आपल्यासारखंच. पाहा न, एक घडी बसत नाई."

तिनं दाखवलं म्हणून मलाही दिसायला लागलं. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत हातभर लांब, आणि तेवढीच शेपूट मागे. लांबून राखेच्या रंगाचं दिसतं, पण जवळून तसं नाही. एकेका केसावर काळे-पांढरे पट्टे असतात, ते मिळून राखेचा रंग होतो. केस राठ. पाय इतके आखूड की चालताना पोट जमिनीला घासतं की काय वाटतं. नाक टोकदार, कान लहान आणि डोक्याला चिकटलेले. डोळा लालसर, त्यातली बाहुली आडवी. नखं मांजरीसारखी आत जात नाहीत, कायम बाहेर. कारण ते दिवसभर उकरतं. पालापाचोळा, ढेकळं, शेण, जे दिसेल ते.

खातं काय, हे शोधायला इंदूबाईनं केलं ते गावात कुणी केलं नसतं. ती बांधावरची त्याची लेंडी काडीनं फोडून पाहायची. बायका तोंडाला पदर लावायच्या. ती सांगायची. भुंग्यांची काळी टरफलं सगळ्यात जास्त. नाकतोड्यांचे पाय. उंदराचे केस. बोरांच्या दिवसांत बोरांच्या बिया. कधी सरड्याचं हाड, कधी खेकड्याचा तुकडा, कधी पिसं. अंडं मिळालं तर बारीक टोकाला भोक पाडून आतलं चाटून घेतं, कवच जवळजवळ आख्खं ठेवतं. विंचूही खातं. आणि साप? एवढ्या वर्षांत तिला लेंडीत सापाचे खवले दोनदा सापडले. दोनदा.

"लोक म्हंतात मुंगूस सापावर जगते," ती म्हणायची. "थे किड्यावर जगते. साप म्हंजे त्याच्यासाठी आडवं आलेलं काम."

एकदा बांधाच्या कडेला तिला मेलेलं मुंगूस सापडलं. पुढचा पाय त्याच्याच मांडीएवढा सुजलेला, नाकातोंडातून रक्त. नाग चावलेलं असं नसतं. तेव्हा ती म्हणाली होती, नागाचं विष याला कमी चढत असेल, पण परडीचं चढतं, आणि ते यालाही ठाऊक असतं. म्हणून नागाशी भिडतं आणि परडीला बगल देतं. पुढं दर्यापूरच्या शाळेतल्या एका सरांनी मला जवळपास तेच सांगितलं. नागाचं विष ज्या जागी धरतं ती जागाच मुंगसाच्या अंगात वेगळी असते, घोणसीच्या विषाला मात्र तशी आडकाठी नाही. सरांनी पुस्तकात वाचलं होतं. हिनं लेंडी फोडून आणि मढं उलटून पाहिलं होतं.

तर तिचा नियम असा झाला. मुंगूस गंजीभोवती फिरतं म्हणजे गंजी मोकळी असं नाही. म्हणजे गंजीत उंदीर आहेत, आणि उंदीर आहेत तिथं परडही असू शकते. ते ज्या बाजूनं आत शिरतं आणि बिनघोर बाहेर येतं, ती बाजू ठीक. ज्या जागी येऊन थबकतं, पाठीवरचे केस ताठ करतं, शेपूट दुप्पट जाड करतं आणि लांबून वळसा घेऊन जातं, त्या जागी हात घालायचा नाही. तिथं लांब दांड्याच्या आकड्यानं वरवर ओढायचं, थर थर. वेळ जास्त लागतो. कष्ट दुप्पट. पण पंचफुलानंतर वीसेक हंगाम तिच्या टोळीत कुणाला काही झालं नाही. सात परडी निघाल्या, सातही तिनं सांगितलेल्या बाजूनं. बाया गंजीवर आल्या की आधी तिला विचारायच्या, "काय म्हन्ते तुहं मुंगूस?" ती बोट दाखवायची, बाया तिकडे वळायच्या.

ही गोष्ट मी काम सोडलं त्याच्या आदल्या हंगामाची आहे.

तिचा मुलगा विपुल दिवाळीच्या आधी दोन महिने वरूडला संत्र्याच्या पेट्या भरायला जातो. त्या वर्षी त्याचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. जाताना तो आईला म्हणाला होता, "माय, रागिणीले गंजीवर नको नेजो." इंदूबाई हो म्हणाली होती. रागिणी मूर्तिजापूरची. माहेरी तिनं कापूस वेचला होता, सोयाबीनही सोंगलं, म्हणजे कापलं होतं. घरी बसून राहणं तिला जमेना. सासूच्या मागे लागली.

"आत्याबाई, तुमी जाता न? मंग मले काय होते?"

"मले सवय हाय."

"सवय घरी बसून लागते का?"

इंदूबाईला हसू आलं, आणि तिनं होकार दिला. त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर होता. मुलाला दिलेला शब्द मोडला होता. म्हणून सुनेला ती प्रत्येक गंजीवर चांगली बाजू द्यायची आणि वाईट बाजू स्वतः घ्यायची. रागिणी कामाला चांगली होती. ओझं उचलताना खांद्यानं नाही, कमरेनं जोर लावायची. असं पहिल्याच हंगामात कुणाला जमत नाही. मला तिचं काम पटलं होतं.

भगवंतरावांची गंजी त्या वर्षी बारा दिवस पडून होती. परतीचा पाऊस थांबेना आणि हडंबा दुसऱ्या गावात अडकला होता. त्यांचं शेत इंदूबाईच्या अर्ध्या एकराच्या वाडीला लागून, मध्ये फक्त बांध आणि एक बाभूळ. त्यामुळे बारा दिवस तिला गंजी समोरच होती. भगवंतराव माणूस चांगला. त्यांनीही गंजीपाशी अंडं ठेवलं होतं. मुंगूस रोज सकाळी ऊन पडल्यावर यायचं. बाभळीकडच्या, पूर्वेच्या कोपऱ्याशी आलं की थबकायचं, फुगायचं, मागं सरायचं. पश्चिमेकडून मात्र ताडपत्रीखाली शिरायचं आणि तोंडात उंदीर घेऊन निघायचं. बारापैकी अकरा दिवस असंच. एक दिवस सकाळीच पाऊस होता, ते आलं नाही.

तिनं भगवंतरावांना सांगून ठेवलं. "भाऊ, पूर्वेच्या कोपऱ्यात हाय. थे बाजू शेवटाले घेऊ. मी एकटी काढीन आकड्यानं."

"बरं, बरं," भगवंतराव म्हणाले. "तू म्हन्तं तसं."

तेराव्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही शेतात पोचलो. आभाळ पुन्हा काळं झालं होतं, मूर्तिजापूरच्या बाजूनं. ताडपत्री काढलेली होती. भगवंतराव आमच्या आधी दोन तास येऊन गेले होते आणि चहा घ्यायला घरी गेले होते. गंजीचा पूर्वेचा कोपरा थोडा विस्कटलेला दिसला. वाऱ्यानं झालं असेल असं आम्हाला वाटलं. ट्रॅक्टरवाल्या मनोजनं ट्रॅक्टर वळवून हडंबा गंजीच्या उत्तरेला लावला. पट्टा चढवला. मशीन मोकळं फिरवून पाहिलं. धूर, आवाज, सगळं सुरू झालं आणि त्यानं पुन्हा बंद केलं.

तेवढ्यात मुंगूस आलं. पश्चिमेकडून.

ते गंजीपासून चार हातांवर मागच्या दोन पायांवर उभं राहिलं. पुढचे पाय छातीशी. मान वळवली. मग खाली आलं आणि त्याच्या अंगावरचे केस एकदम उभे राहिले. शेपूट बाटली घासायच्या ब्रशसारखी झाली. दोन पावलं पुढं, एक मागं. नाक जमिनीला. मग लांब वळसा घेऊन ते बांधाकडे पळालं. त्या दिवशी ते गंजीत शिरलं नाही.

इंदूबाई पाहत होती. मीही पाहिलं. मी हडंब्याच्या बेअरिंगला ग्रीस लावत होतो, हात भरलेले होते.

"आज पश्चिमेले काहून फुगलं?" ती स्वतःशीच बोलली.

"मशीनीले भ्यालं अशीन," रुख्मिणी म्हणाली. ही आमच्या टोळीतली दुसरी बाई, वयानं इंदूबाईएवढीच, तोंडानं फटकळ. "एवढा मोठा हडंबा भोंगला तं मीबी फुगली अस्ती."

"तू तं रोजच फुगलेली," मनोज म्हणाला.

"चूप बे! तुह्या मशीनीसारखा धूर नाई सोडत मी."

सगळे हसले. इंदूबाई हसली नाही. ती दहा मिनिटं तशीच उभी राहिली. एरवी ती तेवढं थांबली की कुणी काही बोलत नसे. त्या दिवशी आभाळ उतरत होतं, आणि आमच्यानंतर दोन शेतकरी मशीनची वाट पाहत होते. मनोजनं दोनदा घड्याळ पाहिलं. रुख्मिणी म्हणाली, "इंदे, तुह्या मुंगसाचं पंचांग पाहू का पाणी पाहू? बारा दिवस त्यानं पूर्वा सांगतली. एका सकाळी का पश्चिम झाली?"

हा प्रश्न इंदूबाईला पटला. बारा दिवसांचं पाहणं एका बाजूला, एका सकाळचं दुसऱ्या बाजूला. आणि मशीन खरंच आताच भोंगलं होतं. तिनं ठरवलं.

"रागिणी, तू पश्चिमेनं. रुख्मिणी, तू तिच्या बाजूले. पूर्वेकडे कोनी येऊ नका."

ती आकडा घेऊन बाभळीकडच्या कोपऱ्याशी गेली. मनोजनं मशीन सुरू केलं.

पाऊण तास काम झालं. पूर्वेकडे इंदूबाई थर थर ओढत होती, आकडा टाकायची, एक पाऊल मागं, पाहायची, मग उचलायची. तिचं अर्धं लक्ष तिकडे आणि अर्धं पश्चिमेकडे, हे मला दिसत होतं. पश्चिमेकडून माझ्यापाशी ढीग पडत होता. रागिणीच्या खेपा रुख्मिणीपेक्षा जास्त होत होत्या.

मग रागिणीची खेप आली नाही.

मी वर पाहिलं. ती गंजीपाशी उभी होती. उजवा हात डाव्या हातात धरलेला. तोंड उघडं, ओरडत असावी, पण आवाज नाही, मशीनचाच आवाज. मी मनोजला हात केला. त्यानं मशीन बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला. आणि मग ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. गंजीच्या आतून, रागिणीच्या पायापासून दीड हातावर, हवा सुटल्यासारखा आवाज. तो किती वेळापासून चालू होता कोण जाणे.

इंदूबाई पूर्वेकडून धावत आली नाही. चालत आली, भरभर, पाय उचलून टाकत. तिनं सुनेला खांद्याला धरून मागं ओढलं, वीस पावलं, आणि खाली बसवलं. मनगटाच्या वर दोन भोकं. रक्त थांबत नव्हतं, पातळ. हात डोळ्यादेखत फुगायला लागला.

रागिणीच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, लग्नातल्या, घट्ट बसलेल्या. इंदूबाईनं दगड उचलला.

"इंदे! सवाशिणीच्या हातातल्या बांगड्या फोडतं का वं?" रुख्मिणी ओरडली. "विपुल जिता हाय!"

"हात फुगला का ह्याच बांगड्या मासात घुसतीन," इंदूबाई म्हणाली. तिनं बांगड्यांखाली पदराची घडी सरकवली आणि एक-एक फोडली. सगळ्या. रुख्मिणीनं तोंड फिरवलं. मनोज दोरी घेऊन आला, दंडाला आवळायला. तिनं ती घेतली आणि फेकून दिली. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी सांगितलं होतं, आवळायचं नाही. तिला ते लक्षात होतं.

तेव्हा भगवंतराव आले. गंजीकडे पाहिलं, रागिणीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मी तं सकाळीच पूर्वेचा कोपरा काठीनं बदडला व्हता," ते म्हणाले. "मनलं, तुले तकलीफ नको. आवाज झाला व्हता आतून. मले वाटलं, निंगून गेली."

"कोन्या बाजूनं गेली, पाह्यलं?"

भगवंतरावांनी मान हलवली, नाही.

"सांगाचं व्हतं, भाऊ," इंदूबाई म्हणाली. एवढंच.

भगवंतरावांनी मेहनत केली होती. दोन तास आधी उठून, कुणी न सांगता. पण ती अर्धी होती. बदडलं, पण कुठे गेली ते पाहिलं नाही. आणि आम्हाला सांगितलं नाही. परड बाहेर निघाली नव्हती. गंजीच्या आतून सरकत पूर्वेकडून पश्चिमेला आली होती. मुंगसाला ते कळलं होतं. त्यानं बाजू बदलली, कारण परडीनं बदलली होती.

मनोजच्या मोटारसायकलवर रागिणीला मध्ये बसवलं, मागे इंदूबाई. काळ्या मातीचा रस्ता, पाऊस झालेला. गाडी दोनदा घसरली. दर्यापूरला दवाखान्यात सापाचं इंजेक्शन सुरू केलं आणि तिथून गाडी करून अमरावतीला पाठवलं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. इकडे आम्ही गंजी तशीच सोडली. सोयाबीन त्या पावसात भिजलं. भगवंतरावांनी ताडपत्री टाकली नाही, कुणी टाका म्हटलंही नाही.

रागिणी वाचली. हे आताच सांगतो, कारण पुढचं सांगताना वाचणाऱ्याला त्यावर ताटकळत ठेवायची माझी इच्छा नाही. पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं.

मी पाचव्या दिवशी अमरावतीला गेलो. विपुल वॉर्डाबाहेर उभा होता. मला म्हणाला, "काका, मायले म्या सांगून गेल्तो." मग आत गेला नाही. मी एकटा गेलो. परडीचं विष रक्त बिघडवतं आणि मग मूत्रपिंडं बंद पाडतं, हे मला तिथं कळलं. तीन दिवस लघवी झाली नव्हती. मशीनवर रक्त धुऊन काढत होते. खाटेच्या खाली एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली होती, तिच्यावर आकडे छापलेले. इंदूबाई फरशीवर बसली होती, पिशवीच्या समोर. पिशवीत तळाशी बोटभर पाणी होतं, चहासारखं. ती म्हणाली, "काल एवढंबी नव्हतं."

सिस्टर आली, वाकून पिशवी पाहिली, कागदावर लिहिलं. इंदूबाईनं विचारलं, "पुरे का?"

"पुरे नाही, मावशी. पण सुरू झालं."

रागिणी जागी होती. चेहरा सुजलेला, ओठांना भेगा. मला पाहून तिनं डोळ्यानं नमस्कार केला. मग सासूकडे वळली. आवाज फार बारीक होता, मला पुढं वाकावं लागलं.

"आत्याबाई, तुमी मले चांगली बाजू देली व्हती न?"

"देली व्हती."

"मंग?"

"मंग मी चुकली." इंदूबाईनं सांगितलं. "सकाळी थे पश्चिमेले फुगलं व्हतं. मले दिसलं. म्या मनलं, मशीनीले भेलं."

रागिणीनं भेगाळलेले ओठ ओले केले.

"मलेबी दिसलं व्हतं," ती म्हणाली. "मी जवळच व्हती तुमच्याहून. त्याचे केस दिसले मले, उभे झालेले."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी पाहून राहिल्या व्हत्या न. तुमी काई नाई बोलल्या. मले वाटलं, काई नसन."

मी तिथं अजून पाच मिनिटं थांबलो. मलाही ते दिसलं होतं, हात ग्रीसनं भरलेले असताना. मीही तेच धरून चाललो होतो, की ती पाहते आहे. हे मी त्या दिवशी वॉर्डात बोललो नाही. नंतर बोललो. इंदूबाई म्हणाली, "मले माहीत हाय, भाऊ."

रागिणीला एकवीस दिवसांनी सुटी झाली. सहा वेळा रक्त मशीनवर घ्यावं लागलं. आता वर्षातून दोनदा तपासणी असते. विपुलनं तिला वरूडला नेलं, तिथं खोली केली. सणाला येतात. रागिणी सासूला फोन करते, विपुल करत नाही.

पुढच्या हंगामात आमची टोळी भगवंतरावांच्या शेतावर गेली ती इंदूबाईशिवाय. ती त्या वर्षी कुठल्याच गंजीवर गेली नव्हती. भगवंतराव स्वतः तिच्या वाडीत आले. मी पाणी प्यायला तिथं थांबलो होतो. ती मेथीच्या जुड्या बांधत होती.

"इंदूबाई, उपसू नको तू," ते म्हणाले. "नुसती बस. मुंगूस पाह्य, आन आमाले सांग. बाया मन्तात, तुह्याशिवाय हात नाई लावत."

तिनं हातातली जुडी पुरी बांधली. गाठ ओढून पाहिली. बाजूला ठेवली.

"भाऊ, मी पाहाले बसली का बाकीचे पाहनं सोडतात," ती म्हणाली. "मी नाई येत. बायांले सांगा, ज्याचा हात त्यानं पाहावं."

भगवंतराव माघारी गेले. मीही निघालो. बाया गंजीपासून लांब, बांधावर बसल्या होत्या. चौघी. हात मांडीवर. रुख्मिणीनं मला विचारलं, "येऊन राहिली का थे?"

मी नाही म्हटलं आणि तिचं म्हणणं सांगितलं. मग त्या चौघी उठल्या आणि गंजीच्या चार बाजूंना जाऊन पाहत उभ्या राहिल्या. त्या दिवशी मशीन दहा वाजेपर्यंत सुरू झालं नाही.